चेअरमनचा झटका आणि तुमची गुळणी

सर,

तुम्ही गेल्यापासून आपल्या कॉलेजच्या प्राणीघरात सगळं फार सुरळीत चाललंय. हे मुद्दाम सांगते आहे, कारण ऐकून तुम्हाला राग येईल. उंदीर छान तंद्री लावतात, झटके येतात, नोंदी स्वच्छ मिळतात. दार धाडकन उघडून "उना का वं?" असं अहिराणीत कोणी ओरडत नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही रोज लुनावरून येतच होतात, त्यामुळे या शांततेची आम्हाला कोणालाच सवय नाही. मला तर ती अजिबात सोसत नाहीये.

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. नवे प्राचार्य बोलायला उभे राहिले. तुमची त्यांची ओळख जाता-येता नमस्कारापुरती. त्यांनी कोणीतरी लिहून दिलेलं वाचलं, "मितभाषी, शांत स्वभावाचे..." मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग मीही हसले, सर. हसू दाबायला पदर तोंडाशी धरला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मग मात्र खरंच रडू आलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून शांतता पाळली. तुमच्यासाठी शांतता! तुमच्या देखत हे कोणी सुचवलं असतं, तर शांततेचे फायदे या विषयावर तुम्ही तासभर बोलला असतात.

मी या कॉलेजात लागले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी, औषधशास्त्रात शिकलेली, नवी कोरी साडी नेसून मुलाखतीला आलेली. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात आणि त्याचं उत्तरही तुम्हीच दिलंत. उत्तर बरोबर आल्याबद्दल माझं अभिनंदन केलंत. घरी जाऊन आईला म्हटलं, "नोकरी लागली बहुतेक, मला तोंडच उघडू दिलं नाही." आई म्हणाली, "चांगलंय, उघडलं असतंस तर लागली नसती."

चेअरमनचा शोध मात्र मी लावला, हे विसरू नका. पिंजऱ्यातला तो म्हातारा पांढरा उंदीर दाणे खाता खाता मध्येच थांबला. डोळे उघडे, अंग जिथल्या तिथे, फक्त मिशा थरथरत होत्या. थोडा वेळ गेला आणि काही झालंच नाही अशा थाटात तो पुन्हा दाणा कुरतडायला लागला. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. संस्थेचे चेअरमन मीटिंगमध्ये असेच मध्येच कुठेतरी बघत राहतात म्हणून उंदराचं बारसं तुम्ही तिथल्या तिथे उरकलंत. आणि मग एक गोष्ट झाली जिचा अर्थ मला कळला नाही. तुम्ही खुर्चीत बसलात आणि गप्प झालात. तुम्हाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ही गैरहजेरीची फिट शे, सुनंदा," तुम्ही म्हणालात. "लहान पोरांना येते. पडत नाही, फेस नाही, हातपाय झाडणं नाही. बोलता बोलता पोर जागच्या जागी निघून जातं. डोळे उघडे, आत कोणी नाही. थोड्या वेळाने परत येतं, आणि गेलो होतो याचा त्याला पत्ताही नसतो. मास्तर म्हणतो लक्ष नाही, आणि छडी मारतो."

एवढं बोलून तुम्ही चष्मा पुसत बसलात. मला वाटलं, पुस्तकात वाचलं असेल.

मग आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत चाललं. मेंदूची वरची साल म्हणजे कॉर्टेक्स, आणि खोल आत बसलेला थॅलॅमस, ज्याच्यामार्फत बाहेरचा जवळजवळ प्रत्येक निरोप वर जातो. एरवी ही दोघं कामाचं बोलतात. झटक्यात दोघांना एकच ताल लागतो आणि ती नुसती एकमेकांना हो-हो, हो-हो करत बसतात. तेवढा वेळ बाहेरून कोण काय सांगतंय ते आत पोचत नाही. इथवर आपलं एकमत होतं. प्रश्न एवढाच की पहिलं 'हो' कोणाचं?

तुम्ही नामपूरच्या कांद्यातले. तुम्ही म्हणायचात, "लिलाव कोण पुकारतो? माल आणून ओतला म्हणजे लिलाव होतो का? पुकारणारा आत उभा शे. थॅलॅमस! त्याने ताल धरला की अख्खं मार्केट मान डोलावतं."

मी म्हणायची, "आमच्या घरी सकाळी फुलं तोडलीच नाहीत तर तुमचा पुकारणारा काय हवा पुकारणार? सुरुवात शेतात होते सर. कॉर्टेक्समध्ये. आणि तीसुद्धा मिशांच्या वाफ्यात."

कारण उंदराच्या कॉर्टेक्सचा भला मोठा तुकडा त्याच्या मिशांनी आणि तोंडाने अडवलेला असतो, आणि चेअरमनच्या मिशा झटक्यात कशा थरथरायच्या ते मी पाहिलं होतं. यावर तुम्ही स्वतःच्या झुपकेदार मिशीवर हात फिरवून म्हणालात, "मिशांना एवढी अक्कल असती तर मी आज कुलगुरू असतो."

बंद पडलेल्या एका नर्सिंग होममधून तुम्ही मेंदूचा आलेख काढणारं जुनं यंत्र आणलंत. शाईची आठ पेनं, त्यातली दोनच चालणारी. "दोनच तर पाहिजेत," तुम्ही म्हणालात. एक तार सालीत, एक खोल थॅलॅमसमध्ये, प्रत्येकीला एक पेन. जे आधी उड्या मारायला लागेल त्याचं पहिलं 'हो'. उंदराच्या डोक्यावर तारा बसवायला दातांचं सिमेंट लागतं, म्हणून तुम्ही रविवार कारंजावरच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे गेलात. त्याने विचारलं, कोणाच्या दाढेसाठी? तुम्ही म्हणालात, चेअरमनच्या. आठवड्याभरात संस्थेच्या खऱ्या चेअरमनना अर्धं गाव दाढेची चौकशी करायला लागलं आणि तुम्हाला मेमो मिळता मिळता राहिला.

मी एकटीने काढलेल्या नोंदी तुम्हाला मान्य नव्हत्या. "लिलावाला दोन्ही पार्ट्या हजर पाहिजेत," हा तुमचा कायदा. दोघांनी मिळून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला झटकाच निकाल देईल. आणि खरं सांगायचं तर निकालाचं निमित्त होतं. रिटायर व्हायच्या आत एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी तुम्हाला तो झटका बघायचा होता. एवढीच तुमची इच्छा आणि तिच्या आड या जगात एकच माणूस येत होता, सर. तो म्हणजे तुम्ही.

हा झटका उंदीर पूर्ण सावध असला तर येत नाही, गाढ झोपला तरी येत नाही. जेवून उन्हात पाठ शेकत बसलेल्या माणसाची जी अवस्था असते ती त्याला लागते. आणि जरा खुट्ट झालं की मोडतो. मी तासन् तास मांजरासारखी बसायची. चेअरमनचे डोळे निवायचे, पेनं डुलायला लागायची, मी श्वास धरायची, आणि धाडकन दार!

"उना का वं?"

तुमच्या अहिराणीतलं ते 'आला का गं'. चेअरमनचे कान ताठ, पेनं सरळ रेषेत. "माय वं! गया!" असं तुम्हीच कपाळावर हात मारून म्हणायचात, आणि वर मलाच, "मला आधी का नाही बोलावलंस?"

किती उपाय केले! चपला बाहेर काढायला लावल्या, तर तुम्ही अनवाणी येताना पायाला काय टोचलं ते सांगत आलात. लुनाचा आवाज फाटकापाशी आला की चेअरमन ताडकन उठून बसायचा, म्हणून लुना चहाच्या टपरीशी लावायला सांगितली. मग तुम्ही टपरीवाल्याला थॅलॅमस समजावून सांगत बसलात आणि तो तुमच्या बाजूचा झाला. दारावर मी पाटी लावली, 'शांतता राखा'. ती तुम्ही मोठ्याने वाचलीत. शेवटी मी तुम्हाला तुमच्याच प्रयोगशाळेतून हाकलून जिन्यावर बसवलं, तर तिथून तुम्ही शिट्टी वाजवून विचारायला लागलात. शिट्टीचा अर्थ उंदरालाही कळायचा.

मी वैतागून तुमच्या घरी काकूंकडे तक्रार घेऊन गेले. काकू शांतपणे शेंगा सोलत होत्या. "मी काय करते सांगू? पूजेला बसले की यांना पाण्याची गुळणी धरायला लावते. गिळायची नाही, थुंकायची नाही. आरती होईस्तोवर घर कसं देवळासारखं असतं." मी म्हटलं, "काकू, तुम्हीच आमच्या विभागप्रमुख व्हायला हव्या होत्या." तर म्हणतात, "घरात एक विभाग सांभाळते तेवढा पुरे."

तर तुमच्या नोकरीचा शेवटचा आठवडा. एव्हाना गादीवर चेअरमन तिसरे आले होते, पण तंद्री खानदानी. वीज होती, हेही नशीबच. तुम्ही स्टुलावर बसलात, गाल फुगलेले, मिशी वर आलेली, डोळे पिंजऱ्यावर. मी तुम्हाला पाहून हसू नये म्हणून पिंजऱ्याकडेच बघत होते. बराच वेळ काही नाही. मग चेअरमनची मान किंचित डुलली, मिशा थरथरल्या आणि दोन्ही पेनांनी जी काही फुगडी घातली! तुमचे डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं आता तेही पाण्याने भरून बाहेर पडणार. तुम्ही बोटाने दाखवत होतात, मी तोंडावर बोट ठेवत होते. आणि तुम्ही पाहिलात, सर. सगळा पाहिलात. उंदीर गेला, आणि उंदीर परत आला. पेनं थांबली, चेअरमनने नाक खाजवलं.

आणि मग फुर्रर्र!

सगळी गुळणी कागदावर. "उना वं! उना!" म्हणत तुम्ही माझे दोन्ही हात धरून नाचलात, मिशीतून पाणी गळतंय, चेअरमन घाबरून कोपऱ्यात. मग आपण दोघांनी एकदम कागदाकडे पाहिलं. बाकी झटका अगदी स्वच्छ होता. फक्त जिथे तो सुरू झाला होता, नेमक्या त्या जागी शाई फुटून गंगापूर धरणाच्या नकाशाएवढा निळा डाग पसरला होता.

मग तुम्ही घसा साफ केलात. "डागाखाली थॅलॅमस शे."

"डागाखाली कॉर्टेक्स आहे, सर."

यावरून आपण दोघं नंतरची सगळी वर्षं भांडलो. पुन्हा एकदा बसू म्हटलं तर तुम्हाला कवळी बसली होती आणि गुळणी धरली की कवळी पोहायची. पुढे कॉलेजात इंटरनेट आलं. बाहेरच्या जगातही लोक याच प्रश्नावर डोकं खपवत होते आणि सुरुवात सालीतूनच होते, उंदराच्या मिशा-तोंडाच्या भागातून, असं छापून यायला लागलं होतं. मी ते छापील कागद घेऊन, पेढ्यांसकट, तुमच्या घरी आले. तुम्ही आधी पेढा खाल्लात. मग चष्मा लावून सगळं वाचलंत. त्यात हेही होतं की पहिल्या क्षणानंतर साल आणि थॅलॅमस एकमेकांना असे ओढायला लागतात, की कोण पुढे आणि कोण मागे ते धड सांगता येत नाही.

"चला, पहिला क्षण तुझा," तुम्ही म्हणालात. "पुढचं सगळं दोघांचं. पण माझ्या डागाखाली काय शे, ते या छापणाऱ्यांना काय माहीत?"

त्या दिवशी मी चिडून निघून आले. आज सांगते, मला ते वाक्य फार आवडलं होतं. पहिला क्षण तुझा, पुढचं दोघांचं. आपलं सगळं कामच तसं झालं, सर. तेव्हा म्हणायला हवं होतं. पण तुम्ही मला बोलू कधी दिलंत?

गेल्या महिन्यात दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत. काकू मला म्हणाल्या, "घोरणं नाही, बडबड नाही, गप्प पडले होते गं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती." आम्ही दोघी त्यावर हसलो. मग काकू आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

तुमच्या दहाव्याला नामपूरहून सरूआत्या आल्या होत्या. तुमची धाकटी बहीण! इतक्या वर्षांत कांद्याच्या भावापासून मंगळावरच्या पाण्यापर्यंत तुम्ही मला सगळं सांगितलंत, आणि पाठची बहीण आहे हे सांगितलं नाहीत? त्याच माझ्याजवळ येऊन बसल्या. "तू ती उंदीरवाली का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी त्यांना ते व्हायचं. कांदे निवडता निवडता हात थांबायचा. शाळेत पाटीवर लिहिता लिहिता अक्षर अर्धं राहायचं. मास्तर मारायचे, घरचे म्हणायचे पोरीला बाहेरचं लागलंय. वयात आल्यावर आपोआप गेलं. पण तोवर तुम्ही शाळेत, खळ्यावर, कांद्याच्या चाळीत त्यांच्याशेजारी बसून सारखे बोलत राहायचात. काहीही. झाडांची नावं, पाढे, गावातल्या म्हाताऱ्यांच्या नकला.

"भाऊ गप बसना का मी गई," आत्या म्हणाल्या. "म्हनीसन तो बोलतच ऱ्हाये."

तुम्ही गप्प बसलात की त्या जायच्या. म्हणून तुम्ही गप्प बसत नव्हतात.

माझा हात हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या होत्या. म्हणजे बोलण्याने झटका मोडतो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! चपला काढून, पाट्या लावून, जिन्यावर बसवून मी तुम्हाला जे शिकवत होते, ते तुम्ही चड्डीत असतानाच शिकून बसला होतात. मग दार का उघडायचात, सर? तो झटका तुम्हाला बघायचा होता, की त्या उंदराला परत बोलवायचं होतं? की दोन्ही एकदमच व्हायचं आणि आधी काय ते तुम्हालाही सांगता यायचं नाही? हे भांडण आता मी कोणाशी भांडू? टपरीवाल्याशी? तो तर अजून तुमच्याच बाजूचा आहे.

आज सकाळी प्राणीघरात गेले. माझी विद्यार्थिनी ऋतुजा कॉम्प्युटरसमोर बसली होती. आता शाई नाही, पेनं नाहीत, पडद्यावर रेषा पळतात. पिंजऱ्यात हल्लीचे चेअरमन तंद्रीत होते आणि पडद्यावर दोन्ही रेषा नुकत्याच नाचायला लागल्या होत्या. मी दारातच होते. काही ठरवलं नव्हतं, विचारसुद्धा केला नव्हता. माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात, पण चांगलं खणखणीत बाहेर पडलं, "उना का वं?"

चेअरमनचे कान ताठ. रेषा सरळ. ऋतुजा दचकून वळली. "मॅडम! एवढा सुरेख आला होता, घालवलात ना!"

"येईल परत," मी म्हटलं.

मग तुमचं स्टूल ओढलं, तिच्या बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून बसले. ती माझ्याकडे बघत राहिली. सर, तोंडात गुळणी असली की रडता येत नाही, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. नुसतं डोळ्यांतून वाहतं, बाकी काही करता येत नाही.

बऱ्याच वेळाने चेअरमनची मान डुलली. मिशा थरथरल्या. दोन्ही रेषांनी फेर धरला. आधी कुठली हलली ते मी पाहिलंच नाही. तो गेला तसा परत येईपर्यंत मी फक्त त्याच्याकडे पाहत होते. मग पाणी गिळलं आणि कोणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं,

"उना, सर."

तेवढ्यानेही त्याने कान टवकारले आणि वळून दाराकडे पाहिलं.